औषधाला न जुमानणारी पेशी

"दादा, तेव्हा तो तिसरा डोस मी वेळेवर घेतला असता, तर हे परत उद्भवलं नसतं का रे?"

कल्याणला आपल्या घरी, चहाचा कप हातात धरून धाकट्या बहिणीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कारण तो डोस पुढे ढकलण्याचा सल्ला माझाच होता. सहा वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू होते. दर एकवीस दिवसांनी शिरेतून औषध द्यायचे. तिसरा डोस नेमका धनत्रयोदशीला आला. "दिवाळी होऊ दे, भाऊबीज होऊ दे, आठ दिवसांनी काय बिघडतं?" असे मी मोठ्या शहाणपणाने म्हटले. मी डोंबिवलीच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे असल्या बाबतींत घरात माझ्या शब्दाला नको इतका मान आहे.

यंदा तिच्या काखेत पुन्हा गाठ आली. शेजारच्या काकूंनी निदान केले, "अंगाला औषधाची सवय झाली असणार." मेहुण्यांनाही ते पटले. डॉक्टर तर म्हणत होते की, गाठीचा तुकडा सुईने काढून पुन्हा तपासायला हवा. त्यावरून घरात रामायण! रोग कोणता हे ठाऊक असताना पुन्हा सुई कशाला, आणि सुई लागली की तो पसरतो म्हणतात, त्याचे काय? जीवशास्त्राच्या मास्तरांकडे सगळ्यांचे डोळे लागले, आणि मास्तरांना धड उत्तर देता येईना. मग मी दोन महिने वाचत बसलो, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावले. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी ही 'सवय' पाहू. ठाण्याला नौपाड्यातल्या चाळीत आमचे बालपण गेले. रविवारी खाटा अंगणात काढायच्या, फटीफटींतून कढत पाणी ओतायचे आणि डीडीटी फवारायची, हा ढेकणांविरुद्धचा कार्यक्रम असे. आधी आधी डीडीटीने ढेकूण पटापट मरत. पुढे त्यांना काही होईना. वडील म्हणत, "मेले डीडीटी पिऊन लठ्ठ झाले!" पण खरा प्रकार वेगळा होता. कोणताही ढेकूण विष पचवायला शिकला नव्हता. हजारोंत दोनचार जन्मतःच असे होते, की त्यांच्या अंगी ते विष लागत नसे. बाकीचे मेले, हे उरले, आणि पुढची सारी प्रजा त्यांची झाली. ढेकूण बदलला नाही, ढेकणांची वस्ती बदलली.

ही गोष्ट १९४३ साली साल्व्हादोर लूरिया आणि माक्स डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी जंतूंवर प्रयोग करून दाखवली. लूरियाला त्या प्रयोगाची युक्ती सुचली, ती एका नृत्याच्या समारंभात सोबत्याला जुगाराच्या यंत्रात पैसे घालताना पाहून. बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, आणि एखाद्या वेळी खुर्दा धो धो पडतो. जंतूंचेही तसेच निघाले. कुठल्या बशीत प्रतिकार करणारे थोडे, तर कुठल्या बशीत ढीगभर. विषाशी गाठ पडल्यावर ते बदलत असते, तर सर्व बशांतून सारखेच आले असते. म्हणजे बदल आधीच, आपोआप झालेला होता. १९६९ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थोडे गणित करू. एक सेंटीमीटरच्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. कर्करोगाची पेशी दुभंगताना आनुवंशिक मजकुराची नक्कल करते आणि तीत चुका करते. समजा, दहा लाखांत एक पेशी अशा चुकीमुळे एखाद्या औषधाला दाद देत नाही. म्हणजे गाठ हाताला लागण्यापूर्वीच तीत अशा हजारभर पेशी बसलेल्या! पण दोन निरनिराळी औषधे एकदम दिली, तर दोन्हींना न जुमानणारी पेशी एक लाख कोटींत एखादी. असा हिशेब जेम्स गोल्डी आणि अँड्र्यू कोल्डमन या कॅनडातल्या जोडीने १९७९ साली मांडला.

वैद्यांना अनुभवाने तो त्याआधीच कळला होता. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाची मुले ॲमिनोप्टेरिन देऊन उठवून बसवली. ते औषध आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतले. पण काही महिन्यांत रोग उलटला. तिकडे क्षयरोगाच्या जंतूंनी स्ट्रेप्टोमायसिनला असेच हरवले होते, आणि दोन औषधे जोडीने दिल्यावर ते जेरीला आले होते. हाच धडा कर्करोगात गिरवला गेला. १९७६ साली मिलानच्या जानी बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे एकत्र देऊन स्तनाचा रोग उलटण्याचे प्रमाण घटवल्याचे प्रसिद्ध केले. त्या तिघांतले मेथोट्रेक्सेट हे सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेच्या घराण्यातले.

मग गणित सुटले म्हणायचे? नाही. पेशी आपल्याहून बेरकी आहे.

सकाळी कर्जतहून आलेल्या गाडीत डोंबिवलीला चढून पाहा. दारातली मंडळी काय करतात? तुम्ही पाय आत ठेवता न ठेवता तोच खांद्याने तुम्हाला फलाटावर परत पाठवतात. तुम्ही शिक्षक की कारकून, याची चौकशी नाही. १९७६ साली टोरांटोत रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात असाच एक द्वारपाल सापडला. त्याचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन. पेशीची शक्ती खर्चून तो आत आलेले औषध पुन्हा बाहेर फेकतो.

माझ्या बहिणीला पहिली चार इंजेक्शने लाल रंगाच्या औषधाची दिली होती. डॉक्सोरुबिसिन त्याचे नाव. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूच्या कुळातले ते. पेशीच्या आनुवंशिक सूत्रात पाचर मारून ते तिचे दुभंगणे थांबवते. नंतरची औषधे यू नावाच्या झाडापासून मिळालेल्या टॅक्सेन कुळातली. ती पेशीच्या आतले दोरे ताठरवून तिला अडकवतात. दोन औषधे, दोन तऱ्हा, पण द्वारपाल दोघांनाही एकाच खांद्याने बाहेर लोटतो! लाखाला लाखाने गुणण्याचा हिशेब इथे फसतो.

मग द्वारपालालाच का बांधू नये? तसे प्रयत्नही झाले. १९८१ साली जपानच्या त्सुरुओ यांनी दाखवले की, रक्तदाबावरचे व्हेरापामिल त्याला अडवू शकते. परंतु तोच द्वारपाल आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर विषापासून पहारा देत असतो. त्याला बांधले की औषधाचा जाच निरोगी अवयवांना होतो. माणसांवरच्या चाचण्यांत म्हणावे तसे यश आले नाही. शिवाय काही पेशी द्वारपालाच्या वाटेला जातच नाहीत. औषध जिथे चिकटते तो भागच बदलतात, किंवा झालेली मोडतोड झटपट दुरुस्त करतात. काही तर नुसत्या निजून राहतात. दुभंगणाऱ्या पेशीला मारणारे औषध निजलेलीला काय करणार? वर्षांनी ती जागी होते.

पेशी काचेच्या बशीत वाढवून पाहता आल्या, म्हणून हे सारे कळले. आपल्याकडे ही विद्या आणण्याचा मान एका मराठी बाईंकडे जातो, हे मला या वाचनातच समजले. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे या परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या. १९५२ साली खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा थाटली, आणि उंदरांच्या विविध जाती पाळून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, याचा शोध घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. जीवशास्त्र शिकवताना मी त्यांचे नाव वर्गात एकदाही घेतले नव्हते!

आता सुईचा प्रश्न. उरलेल्या पेशींची वस्ती बदललेली असू शकते, म्हणजे परत आलेली गाठ आणि पहिली गाठ यांचा स्वभाव एकच असेल असे नाही. पहिल्या वेळी संप्रेरकांना प्रतिसाद देणारी गाठ परत येताना तो गुण हरवून येऊ शकते. जुन्या कागदावर विसंबून औषध ठरवले, तर ते वायाच जायचे. सुईने रोग पसरण्याची भीती बाळगू नका, असे डॉक्टरांनी मेहुण्यांना समोर बसवून सांगितले, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

तपासणी झाली. अहवाल आला, तो खरोखरच निराळा होता. ज्या गोळ्यांवर आमची भिस्त होती त्यांचा आता उपयोग नाही. औषध बदलले.

राहिला बहिणीचा प्रश्न. तो मी डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारला, आणि कोणाच्या सल्ल्याने डोस पुढे गेला हेही सांगितले. ते म्हणाले, "आठ दिवसांच्या उशिराने हे झालं की नाही, असा हिशेब मांडता येत नाही. त्या पेशी बहुधा त्याआधीपासूनच होत्या. बाईंना तसं सांगा." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण डोस ठरलेल्या दिवशी देतो त्याला कारण आहे. उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळू नये म्हणून. तेव्हा मास्तर, पुन्हा कुणाला असा सल्ला देऊ नका."

मी तिला दोन्ही वाक्ये सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग भांडी आवरायला उठली.

नव्या औषधाची तारीख नरकचतुर्दशीला आली आहे. "दादा, तारीख बदलून मागायची नाही हं," तिने बजावले. चकल्या आदल्या रात्रीच तळून ठेवणार आहे. मी भल्या पहाटे डोंबिवलीहून उलटा कल्याणला जाईन. तिथे सुटणाऱ्या गाडीत अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येते. फडके रोडवर तरुण मंडळी नटूनथटून गणपतीच्या दर्शनाला जमत असतील, तेव्हा आमची गाडी डोंबिवलीवरून पुढे परळकडे निघालेली असेल.