आईची कोपी, इनामगावची कोपी

आमच्या टीममधला एक जण जर्मनीचं ऑनसाइट आटपून आला. लंचला लॅपटॉपवर फोटो सुरू. बोडन सरोवरात लाकडी खांबांवर उभी घरं! अश्मयुगात आणि कांस्ययुगात तिथले लोक अशा घरांत राहायचे, त्याच पद्धतीने ती पुन्हा बांधलीत. आल्प्सच्या परिसरातल्या अशा १११ जागा २०११मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या.

"आपल्याकडे असलं काही नाही यार," तो म्हणाला. मी गप्प. मी बीडचा. सरोवर सोडा, आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी बातमी होते!

पण डोक्यात किडा शिरला. ऑफिसजवळच येरवड्याला डेक्कन कॉलेज. अर्ध्या दिवसाची रजा टाकून म्युझियम गाठलं आणि कळलं, की बीडला जाताना दर दिवाळीत मी ज्या शिरूर तालुक्यातून झोपेत जातो, तिथेच साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे. इनामगाव.

घोड नदीकाठच्या या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि धवलीकर यांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. शंभराहून जास्त घरं मिळाली. इसवीसनापूर्वी १४००च्या पुढे इथे ऐसपैस चौकोनी घरं होती. खाली ठेंगणी मातीची भिंत, वर कूड. एक घर चक्क पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. बहुधा गावच्या प्रमुखाचं. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट. शेतात जव, गहू, मसूर. घरात काळ्या नक्षीची लाल भांडी. लहान मूल गेलं, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे.

इसवीसनापूर्वी १०००नंतर मात्र चित्र पालटलं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गहू घटला, हरणांची शिकार वाढली. धवलीकरांचा निष्कर्ष असा, की पाऊस कमी होत गेला आणि लोक भटके होऊ लागले. इसवीसनापूर्वी ७००च्या सुमारास गाव उठलं.

गोल झोपडीबद्दल वाचलं आणि पोटात कालवलं. ही तर कोपी! माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. पाऊस नाही, म्हणून मुकादमाकडून उचल. मग कारखान्याच्या माळावर बांबू वाकवून, चटई टाकून कोपी. माझे चार हिवाळे तिथेच गेले. ऑफिसात कुणी विचारलं, की मी "आमची शेती आहे" एवढंच सांगायचो.

रात्री आईला फोन केला. "तीन हजार वर्षांपूर्वीबी कोप्या होत्या गं."

"मंग तवाबी पाऊस नसंल पडला," ती म्हणाली.

अख्खा रिपोर्ट एका वाक्यात!

सोमवारी लंचला सांगण्यासारखं माझ्याकडेही होतं. इनामगावचं सांगितलं आणि पहिल्यांदाच कोपीचंही.

कसं जाल? आधी डेक्कन कॉलेजचं म्युझियम पाहा, वेळ फोनवर विचारून घ्या. मग नगर रस्त्याने शिरूर तालुक्यात इनामगाव. पांढरीत खापर दिसलं तर बघा, खिशात टाकू नका!