नळीच्या खालची गोष्ट

युद्धनौकेच्या तोफेचं कौतुक होतं ते नळीचं. किती मिलिमीटरची, किती लांब, गोळा किती दूर टाकते, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. नळी जिच्यावर बसते त्या बैठकीकडे फारसं कुणी बघत नाही. फ्रेंच नौदलाच्या मध्यम तोफांचा, म्हणजे साधारण १०० ते १५५ मिलिमीटरच्या तोफांचा इतिहास वाचू लागलं, की मात्र नजर सारखी खाली जाते. नळ्या उत्तम होत्या. घोळ झाले ते बहुतेक वेळा खालच्या लोखंडात : दात्यांत, दट्ट्यांत, गोळे वर आणणाऱ्या उद्वाहकांत.

याला कारण आहे. ३८० मिमीची अजस्र तोफ यंत्रानंच भरावी लागते. तिथं दुसरा पर्यायच नसतो. ३७ मिमीची तोफ एक माणूस हसतखेळत भरतो. मधल्या तोफेचा गोळा चाळीस-एक किलोचा असू शकतो. धडधाकट खलाशी तो उचलतो, पण हेलकावणाऱ्या डेकवर, मिनिटाला दहा वेळा, नळी आकाशाकडे रोखलेली असताना? ‘माणूस की यंत्र’ हा प्रश्न मध्यम तोफेच्या बाबतीत कधी धड सुटलाच नाही, आणि फ्रेंचांनी तो जितक्या हट्टानं सोडवायचा प्रयत्न केला तितका क्वचितच कुणी केला असेल.

सुरुवात करायला हवी गुस्ताव्ह कानेपासून. बेलफोर्टला जन्मलेला हा अभियंता लंडनमध्ये व्हावासरच्या तोफांच्या कारखान्यात काम करून फ्रान्सला परतला आणि ल हाव्ह्रला एका जहाजबांधणी कंपनीचा तोफखाना विभाग सांभाळू लागला. पुढं १८९७ मध्ये तो विभाग श्नायडर कंपनीनं घेतला. कानेची जलद मारा करणारी १५२ मिमीची तोफ पाहून १८९०च्या दशकाच्या आरंभी रशियानं तिचे आराखडे विकत घेतले आणि पीटर्सबर्गच्या ओबुखोव कारखान्यात ती तयार होऊ लागली. त्या काळी ही बैठक पुढारलेली होती. तोफ उडाली की नळी आपल्याच अक्षावर पाळण्यात, म्हणजे तिला धरणाऱ्या चौकटीत, मागं सरके, तेलाच्या दाबानं तो धक्का जिरे, स्प्रिंगा तिला पुन्हा जागेवर आणत. नेम फारसा हलत नसे, म्हणून पुढचा गोळा लगेच भरता येई.

या बैठकीची परीक्षा झाली रशिया-जपान युद्धात, ९ फेब्रुवारी १९०४ रोजी, कोरियातल्या चेमुल्पो बंदराबाहेर. आजचं इंचॉन ते हेच. फिलाडेल्फियाच्या क्रॅम्प गोदीत बांधलेली रशियन क्रूझर ‘वार्याग’ कप्तान रुदनेव यांच्या हुकमाखाली ॲडमिरल उरियू यांच्या जपानी ताफ्यावर चालून गेली. तिच्यावर कानेच्या बारा १५२ मिमी तोफा होत्या आणि एकीलाही ढाल नव्हती. उघड्या डेकवर उभे असलेले गोलंदाज जपानी गोळ्यांच्या तुकड्यांनी कापले गेले. पण तोफा बंद पडायचं दुसरंही एक कारण होतं. नळी वर-खाली करण्यासाठी पाळण्याला दातेरी कमान जोडलेली असते. गोलंदाज हातचाक फिरवतो, एक छोटं दातेरी चाक त्या कमानीवर चढतं आणि नळी हवी तेवढी उचलली जाते. लांबचा मारा करायचा तर नळी जास्त वर हवी. नळी जितकी वर, तितका धक्क्याचा जोर खालच्या दिशेनं, म्हणजे थेट त्या दात्यांवर. दाते तुटत. मग नळी ठाकठीक, गोळे शिल्लक, माणसं उभी, आणि नेम मात्र कशानंच धरता येत नाही.

ती चूक एका जहाजापुरती नव्हती. त्या युद्धात कानेच्या तोफांच्या या कमानी इतर जहाजांवरही मोडल्या. बैठकीचं एक अंग कच्चं राहिलं की तोफेचा पल्ला कागदावरच राहतो, हे रशियनांना फार महागात शिकावं लागलं. जिच्या कोऱ्या बाराच्या आवाजाशी १९१७च्या क्रांतीचं नाव जोडलं गेलं, ती ‘अव्रोरा’ या रशियन क्रूझरच्या नाळेवरची तोफही कानेचीच, १५२ मिमीची.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सनं मोठ्या विनाशिकांचा ध्यास घेतला. १९२२ च्या कार्यक्रमातल्या ‘जाग्वार’ वर्गाच्या जहाजांवर १३० मिमीच्या पाच तोफा आल्या, मग ‘गेपार’ वर्गावर १३८.६ मिमीच्या पाच. गोळा चाळीस किलोच्या घरातला. समोर येईल त्या विनाशिकेची दाणादाण उडवणारा. पण मागची झडप जुन्या वळणाची, आट्यांची. ती फिरवायची, उघडायची, गोळा ढकलायचा, पुन्हा फिरवून बंद करायची. मिनिटाला पाच-सहा बार झाले तरी खूप. विनाशिकांची गाठ पडते ती काही मिनिटांची. तिथं ही गती फारच अपुरी. १९२७च्या तोफेला आपोआप उघडणारी, बाजूला सरकणारी झडप आली तेव्हा कुठं वेग जवळजवळ दुप्पट झाला.

त्या कुळातली सर्वांत देखणी तोफ १९२९ची. नळीची लांबी पन्नास कॅलिबर, म्हणजे तिच्या व्यासाच्या पन्नासपट; पल्ला ३० अंशांवर २० किलोमीटर. ‘ल फांतास्क’ वर्गाच्या सहा जहाजांवर अशा पाच-पाच तोफा चढल्या. यांपैकी ‘ल तेरिब्ल’ १९३५च्या चाचणीत ४५ नॉटच्या पुढं गेली. आजही हा आकडा वाचताना विश्वास बसत नाही. इथं बैठक साधी होती : एक तोफ, एक ढाल, हातानं भरणारी माणसं. माझ्या मते हा साधेपणाच तिच्या कामी आला. २९ फेब्रुवारी १९४४च्या रात्री ॲड्रिॲटिकमधल्या ईस्ट बेटाजवळ ‘ल तेरिब्ल’ आणि ‘ल मालँ’ यांनी जर्मन काफिला गाठला. ‘कापितेन डीडरिक्सेन’ हे मालवाहू जहाज आणि सोबतची एक रक्षक नौका त्या रात्री संपली.

नंतर मात्र हव्यास वाढला. ‘मोगादोर’ वर्गाच्या विनाशिकांवर १३८.६ मिमीचीच तोफ दुहेरी बैठकीत बसवली : चार बैठका, आठ नळ्या, मागून उघडे अर्धवट बुरूज आणि गोळा आत ढकलायला यांत्रिक दट्ट्या. अपेक्षा मिनिटाला दहा बारांची होती. दट्ट्याच्या नाजूकपणामुळं तो वेग सुरुवातीला गाठताच आला नाही. पाच साध्या तोफांची जागा आठ गुंतागुंतीच्या तोफांनी घेतली; नफा झाला की तोटा, हे मला आजही ठरवता येत नाही.

हाच हव्यास मोठ्या जहाजांवरही दिसतो. ‘दंकेर्क’ या युद्धनौकेवर १३० मिमीच्या सोळा तोफा होत्या : चार-चारचे तीन बुरूज आणि दोन-दोनचे दोन. शत्रूच्या विनाशिका आणि विमानं, दोन्ही याच तोफांनी टिपायची, म्हणून नळ्या ७५ अंशांपर्यंत उचलल्या जात. कल्पना काळाच्या पुढची होती, पण असे जड बुरूज झपझप फिरणाऱ्या विमानामागं वळवणं कठीण. ‘रिशलिय’ या युद्धनौकेवर १५२ मिमीच्या तीन-तीन तोफांचे पाच बुरूज ठरले होते. नळ्या थेट माथ्यावर रोखता येत, पण ४५ अंशांपलीकडं त्या भरणं जड जाई. अखेर मधले दोन बुरूज वगळून तिथं विमानविरोधी १०० मिमीच्या तोफा आल्या.

त्या लहान कॅलिबरमधूनच पुढं वाट निघाली. १९५३च्या नमुन्याची १०० मिमी तोफ आखतानाच नळी, दट्ट्या, उद्वाहक आणि बुरूज हे एकच यंत्र मानलं गेलं. गोळा साडेतेरा किलोचा, वेग मिनिटाला साठ बार. ‘कोमांदां रिव्हिएर’ वर्गाच्या जहाजांवर ती चढली, ‘फॉश’ या विमानवाहू नौकेवर आठ बसवल्या गेल्या, आणि सुधारत सुधारत ‘ला फायेत’ वर्गापर्यंत पोचली. त्यानंतरच्या ‘आकितेन’ वर्गासाठी फ्रेंचांनी इटलीची ७६ मिमीची तोफ घेतली. ‘ला फायेत’ आणि ‘फ्लोरेआल’ या वर्गांच्या फ्रिगेट्सवर १०० मिमीची तोफ अजूनही आहे.