शेक सुरू असताना घरात

तंबाखू-सुपारी-चुन्याच्या खर्ऱ्याच्या विदर्भात तोंडाचा कॅन्सर अनोळखी राहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या रुग्णाला त्यासाठी रेडिएशन, बोलीत ‘शेक’, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी (मेघे) येथे घेता येतो: बहुधा आठवड्यातून 5 दिवस, 6 ते 7 आठवडे. यंत्राखाली रोज काही मिनिटे जातात; बाकीचा दिवस घरात, आणि गैरसमज तिथेच त्रास देतात.

शेक घेणाऱ्याच्या अंगातून किरणे निघतात. मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

असे वाटायला कारण आहे. खोलीचे दार जाड, त्यावर धोक्याचे चिन्ह, आणि शेक सुरू होण्याआधी तंत्रज्ञसुद्धा बाहेर. पण तो रुग्णाला भिऊन जात नाही. त्याला वर्षानुवर्षे रोज एकामागून एक रुग्ण घ्यायचे असतात, आणि त्या किरणांचा त्याला उपयोग शून्य. बाहेरून दिलेला झोत थांबला की अंगात काही उरत नाही. छातीचा एक्स-रे काढल्यावरही उरत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून शेक देतात, तेव्हाही स्रोत काढून घेतल्यावरच बाई घरी येते. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्याने मात्र काही दिवस अंतर पाळायचे असते, आणि तोच नियम सरसकट सगळ्यांना लावला जातो. ताट वेगळे करणे, नातवाला मांडीवरून उचलून नेणे याला काहीही आधार नाही. आजारी माणसाच्या मनाला ते फार लागते.

गाठ बसली, आता चार दिवस खाडा झाला तरी चालते.

सर्वांत घातक समज हाच. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गाठ बसल्यासारखी दिसते, त्याच वेळी तोंड सोलते, घास उतरत नाही. त्यात सोयाबीन कापणीला आलेले असते. थांबावेसे वाटणे साहजिक आहे. पण उरलेल्या कॅन्सरपेशी याच काळात वेगाने वाढू लागतात. डोके व मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला, तर दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे 1 टक्क्याने घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. शेवटी दिवस वाढवून ही तूट पुरती भरत नाही. तोंड सोलले तर घरी बसू नये, डॉक्टरांना सांगावे. वेदनाशामक औषधे आहेत, नाकातून नळीने आहार देता येतो. आर्वी-आष्टीकडून रोजची ये-जा झेपणार नसेल, तर राहण्याच्या सोयीची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

अंघोळ बंद ठेवावी.

पूर्वी तसे सांगत. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने त्रास वाढत नाही. शेकाची जागा घासू नये, टिपावी. शेकासाठी त्वचेवर काढलेल्या खुणा पुसू नयेत. हळद, तेल लावू नये.

पोट हलके ठेवावे. खर्रा थोडा चालतो.

दोन्ही उलटे आहे. वजन घटले की शेकाच्या वेळी चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल होतो आणि किरणांचा नेम ढळण्याचा धोका येतो. कधी मास्क नव्याने करावा लागतो. तिखट टाळून मऊ वरणभात, अंडी, दही, तूप घातलेली खिचडी थोडी-थोडी, दिवसातून अनेकदा द्यावी. ‘रोग झालाच आहे, आता सोडून काय’ हा विचार निराशेतून येतो. सुपारी-चुना सोललेल्या तोंडाला आणखी जखमा करतात, आणि तंबाखू सुरू राहिला तर त्याच तोंडात दुसरा कॅन्सर होण्याचा धोका कायम राहतो. तलफ आवरत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. ती सोडवण्याची औषधे आहेत.