गाडी खाली, आवाज वर!

लोअर केलेल्या कारसाठी नवे टायर घेताय? क्रेडिट कार्ड जरा पाकिटातच राहू द्या. आधी चाकं सरळ आहेत का ते बघू या...

सिग्नलला शेजारी येऊन थांबणारी ती पोलो जीटी तुम्ही नक्की पाहिली असेल. चाक आणि मडगार्डमध्ये जेमतेम दोन बोटं जागा, काळे अलॉय, रस्त्याला चिकटलेला स्टान्स. स्टाइलच्या पेपरात फुल मार्क्स! आता त्याच गाडीत मागच्या सीटवर बसून पुणे-मुंबई करून बघा. एक्सप्रेस-वेचं काँक्रीट सुरू झालं की खालून 'घूंऽऽऽ' सुरू. ऐंशीला गप्पा बंद, शंभरला म्युझिक सिस्टीमही हरते. गाडीवाला व्हॉल्यूम वाढवतो आणि म्हणतो, ''टायर गेलेत यार, बदलायचेत.''

बदलायचे तर आहेतच. पण कोणते? टिकाऊ हवेत, शांत हवेत आणि जुलैच्या पावसात खंडाळ्याच्या घाटात पकड सोडणारे नकोत. चार टायर म्हणजे एखाद-दोन ईएमआय गेलेच समजा. पोलो २०२२ मध्ये भारतात बंद झाली, त्यामुळे हातातली गाडी जपून वापरायची तर हा खर्च पुन्हा पुन्हा परवडणारा नाही. म्हणून आधी एक फंडा क्लिअर करून घेऊ : लोअर केलेल्या गाडीचे टायर लवकर संपतात आणि बोंबलतात, त्याचा दोष बऱ्याचदा टायरचा नसतोच!

आवाज नक्की कुणाचा?

दुकानात जाण्याआधी ही छोटीशी डिटेक्टिव्हगिरी करा. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाजाचा सूर बदलला, तर तो टायरचा. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच राहिला आणि मोठ्या वळणावर एका बाजूला कमी-जास्त झाला, तर संशयित आहे व्हील बेअरिंग. मग नवे टायर टाकूनही गाणं तेच राहणार.

दुसरी टेस्ट हाताची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक वर. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा पुढे-मागे हलकेच फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचतंय? तर तो टायर करवती घासलाय. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच, एक कड खाली. हेच ठोकळे रस्त्यावर आपटून ती घूंऽऽऽ काढतात. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली असेल तर केस जवळपास सुटलीच.

साडेतीन मीटरचा हिशोब

गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली आली की चाकांचे कोन बदलतात. वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली, हा 'टो'. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत झुकलेला, हा निगेटिव्ह 'कॅम्बर'. लोकांना दिसतो कॅम्बर, पण टायरला जास्त खातो टो. कसं ते बघा. चाक फक्त ०.२ अंश वाकडं असलं, तरी दर किलोमीटरमागे ते साधारण साडेतीन मीटर आडवं फरफटतं. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरा. म्हणजे एका फेरीत तुमचा टायर अर्धा किलोमीटर आडवा घासला गेला! यावर जगातला कुठलाही 'सायलेंट' टायर टिकणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. नवे स्प्रिंग टाकले असतील तर काही शे किलोमीटर चालवून ते बसू द्या. मग सस्पेन्शनचे बुश तपासून घ्या. ते सैल असतील तर आज केलेलं अलाइनमेंट उद्या हलणार. त्यानंतर गाडीच्या आत्ताच्या उंचीवर अलाइनमेंट करा आणि 'आधी-नंतर'चा प्रिंटआउट मागून घ्या. ''हिरवं आलंय साहेब'' एवढ्यावर समाधान मानू नका. पुढच्या दोन्ही चाकांचा टो सारखा आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत आलाय का, ते आकड्यात बघा. पोलोसारख्या गाडीत पुढचा कॅम्बर बदलायला फारसा वाव नसतो आणि मागचा अॅक्सल सलग असतो. आकडे मर्यादेत येतच नसतील तर गाडी थोडी वर घेणं हाच स्वस्त उपाय. कडू आहे, पण खरं आहे!

साइजचा मोह आवरा

टायरच्या कडेला लिहिलेलं ते कोडं सोपं आहे. समजा १९५/५५ आर १६ ८७ व्ही. रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलोपर्यंत भार आणि 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा. 'एच' असेल तर २१०.

लोअर केलेल्या गाडीवर रुंद टायर चढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. दिसतोही भारी! पण रुंद टायर साधारणपणे जास्त आवाज करतो, साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि खाली आलेल्या मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते. कडेची उंची कमी केली की खड्ड्याचा दणका थेट रिमला, आणि टायरला फुगा यायला एक खड्डा पुरतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. तेव्हा साइज कंपनीनं दिलेलीच ठेवा आणि भाराचा आकडा मूळपेक्षा कमी तर नकोच नको. अजून एक गोष्ट. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर नेणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. लोअरिंगबद्दल आरटीओ आणि विमा कंपनी दोघांशी आधीच बोललेलं बरं. क्लेमच्या वेळी शोध लागण्यात मजा नाही.

स्पोर्ट की टूरिंग?

एकाच कंपनीच्या दुकानात दोन वेगळ्या स्वभावाचे टायर असतात. मिशेलिनची पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, ब्रिजस्टोनची पोटेंझा आणि टुरान्झा. जोडीतला पहिला स्पोर्टी. मऊ रबर, कडक बाजू, वळणावर जबरी पकड, पण आयुष्य कमी. दुसरा टूरिंग. शांत आणि टिकाऊ. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि महिन्यातून दोनदा एक्सप्रेस-वेवर, असं तुमचं रुटीन असेल तर टूरिंग घ्या. लोअरिंग स्प्रिंग आधीच कडक असतात. त्यावर कडक बाजूचा टायर म्हणजे मणक्यावर अन्याय.

बऱ्याच टायरवर 'ट्रेडवेअर' आकडा छापलेला असतो. ही अमेरिकन पद्धत. शंभर हा पाया, आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ. दोनशेच्या आसपासचे बहुतेक स्पोर्टी, तीनशे-चारशेच्या पुढचे रोजच्या वापराचे. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उत्तम, दोन कंपन्यांची तुलना करायला कच्चा.

आणि इथेच खरी मेख आहे. टिकाऊपणा, शांतता आणि ओल्या रस्त्यावरची पकड हे तिघं एकत्र सहसा खूश होत नाहीत. कडक रबर जास्त चालतं, पण पावसात घसरण्याची शक्यता वाढते. तडजोड करायचीच तर आयुष्यात दहा हजार किलोमीटर कमी चालतील, आवाज थोडा जास्त चालेल. पण ओली पकड सोडू नका. युरोपीय लेबल असेल तर त्यावर ओल्या पकडीची श्रेणी 'ए'पासून 'ई'पर्यंत दिलेली असते. 'ए' किंवा 'बी' बघा. त्याच लेबलवरचे डेसिबल मात्र गाडीच्या बाहेर मोजलेले असतात. केबिनमध्ये तेवढंच शांत वाटेल असं नाही.

नक्षीतलं राजकारण

बाणासारखी 'व्ही' नक्षी, म्हणजे डायरेक्शनल टायर, दिसायला एकदम किलर. पण तो एकाच दिशेनं फिरवायचा, त्यामुळे रोटेशन फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. लोअर गाडीत करवती झीज झाली की सुटायला वाट उरत नाही. असिमेट्रिक नक्षी, म्हणजे आत-बाहेर वेगळी, डावी-उजवीकडेही बदलता येते. शिवाय बारीक, वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे असलेली नक्षी निवडा. सगळे ठोकळे सारखे असले तर एकच सूर तयार होतो. लांबी बदलती ठेवली तर तो सूर फुटतो आणि कानाला कमी टोचतो. काही महागड्या टायरमध्ये आत फोमचा पट्टाही असतो. तो टायरच्या पोकळीत घुमणारा आवाज कमी करतो. पण नक्षीची करवत झाली तर फोमही हात टेकतो.

दुकानात पाच मिनिटं

* कडेवरचे चार आकडे वाचा. '२३२५' म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. ''साहेब, ऑफरमध्ये आहे'' म्हटलं की आधी इथे बघा.
* आयएसआय मार्क आहे ना, तपासा.
* दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. पुढे लावले तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट आधी सुटते.
* हवा थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. नायट्रोजनचं फार कौतुक नको, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.
* पहिले दोनेकशे किलोमीटर जरा सांभाळून. नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो.
* दर आठ-दहा हजार किलोमीटरला रोटेशन आणि त्याच वेळी अलाइनमेंटचा नवा प्रिंटआउट.
* नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानंही टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र इतकी वाट बघू नका.

सो, या वीकेंडला टायरच्या दुकानाऐवजी आधी अलाइनमेंटवाल्याकडे जा. तिथले काहीशे रुपये तुमचे टायरवरचे हजारो वाचवतील. गाडी खालीच राहू दे, स्टाइलही राहू दे. फक्त पुढच्या ट्रिपला मागच्या सीटवरच्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ द्या!