आवड मोजावी कशी?

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. विज्ञानात गुण अधिक, तेव्हा मुलाला विज्ञानाची आवड आहे; गुण कमी, तेव्हा आवड नाही. हा हिशेब सरळ दिसतो, परंतु तो फसवा आहे. आंतरराष्ट्रीय चाचण्यांत जपान व दक्षिण कोरिया येथील मुले विज्ञानात अग्रभागी असतात. मात्र विज्ञान आवडते काय, असे विचारता होकार देणारी मुले तेथे इतर अनेक देशांहून कमी निघतात. गुण हे अभ्यासाचे माप आहे, ओढीचे नव्हे.

मग ही ओढ मोजावी कशी? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली एक सोपी रीत मांडली. विद्यार्थ्यापुढे काही विधाने ठेवावीत व प्रत्येकापुढे पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत असे पाच पर्याय द्यावेत. ‘यंत्र उघडून पाहावेसे वाटते’ या विधानास पूर्ण सहमती दिल्यास ५ गुण, पूर्ण असहमती दिल्यास १. ‘विज्ञानाचा तास संपला की बरे वाटते’ अशी उलट विधानेही मधूनमधून पेरावीत व त्यांचे गुण उलट क्रमाने द्यावेत. पाच सरळ व पाच उलट विधानांत एखाद्याने न वाचताच सर्वत्र ‘पूर्ण सहमत’ अशी खूण केली, तर त्याची बेरीज ५० पैकी ३० म्हणजे नेमकी मध्यावर येते. निष्काळजीपणाची गणना अशा रीतीने आवडीत होत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसावे, हेही तितकेच आवश्यक. अन्यथा मूल स्वतःच्या मनातले न लिहिता गुरुजींच्या मनातले लिहिते.

परंतु आवड ही एकजिनसी वस्तू नाही. ऑस्ट्रेलियातील बॅरी फ्रेझर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कसोटीत ७० विधाने सात गटांत विभागलेली आहेत. वर्गातील तासाचा आनंद, फावल्या वेळातील छंद आणि पुढे विज्ञानाचा व्यवसाय करण्याची इच्छा यांची मोजणी त्यांत वेगवेगळी होते. तासाला कंटाळणारे मूल घरी रेडिओ खोलून बसत असेल, तर दोष विषयाचा नसून शिकवण्याचाही असू शकतो.

विषयाच्या नावापेक्षा त्यातील प्रकरण महत्त्वाचे ठरते. या शतकाच्या आरंभी ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने सुमारे ४० देशांतील पंधरा वर्षांच्या मुलामुलींना काय शिकावेसे वाटते, असे विचारण्यात आले. इंग्लंडमध्ये मुलांना स्फोटक रसायने व अणुबॉम्ब यांचे कुतूहल अधिक आढळले. मुलींना स्वप्ने का पडतात आणि कर्करोगावर उपचार कोणते, याचे. प्रश्नावलीत केवळ यंत्रे व स्फोटके असती, तर मुलींना विज्ञानात रस नाही, असा निष्कर्ष सहज निघाला असता. आणि तो मुलींविषयीचा नव्हे, प्रश्नावलीविषयीचा ठरला असता.

म्हणून अशा मापनाचा उपयोग मुलांची प्रतवारी लावण्यासाठी करू नये. प्रश्नावलीवरून शिक्षकाला धडा कोठून आरंभावा हे कळावे, आणि शाखा निवडताना पालकांना गुणपत्रिकेखेरीज मुलाच्या मनाचाही अंदाज यावा. तराजू माल जोखतो. मालाचे भवितव्य ठरवीत नाही.