धरमपेठेतील डॉक्टर आणि दूरच्या गावचा रुग्ण

नागपूरच्या पश्चिम भागातील धरमपेठ आणि तिला लागून असलेली रामदासपेठ या वस्त्यांत खाजगी दवाखान्यांची व तज्ज्ञ डॉक्टरांची दाटी आहे. तेथील प्रतीक्षागृहात सकाळी बसलेली सर्वच माणसे नागपूरची नसतात. कोणी भंडारा-गोंदियाकडून, कोणी गडचिरोलीकडून, तर कोणी सीमेपलीकडील छिंदवाडा-बालाघाटकडून आलेले असतात. गडचिरोली शहरच नागपूरपासून सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. त्याच्या पुढील तालुक्यांची तर गोष्टच वेगळी. रुग्णासमवेत एक नातेवाईक, दोघांचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि कधी कधी एका रात्रीचा मुक्काम, इतका खर्च करून मिळते ती दहा मिनिटांची भेट. पुष्कळदा ती भेटही केवळ तपासणीचा अहवाल दाखविण्यासाठी असते.

ही येरझार वाचविण्यासाठी दूरध्वनी व इंटरनेटच्या साह्याने वैद्यकीय सल्ला देणारा नवउद्योग धरमपेठेसारख्या वस्तीत उभा करावा, असे एखाद्या तरुण डॉक्टरास किंवा अभियंत्यास वाटले तर ते स्वाभाविकच होय. मात्र अशा उद्योगात यंत्रणा तयार करणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. अवघड प्रश्न दोन आहेत : डॉक्टरने कोठे थांबावयाचे, आणि रुग्णाच्या बाजूला कोण असावयाचे.

कल्पना जुनीच

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात १९२८ साली विमानाने डॉक्टर पोहोचविण्याची सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पायाने पॅडल मारून चालविता येणारा बिनतारी संच तेथील दूरच्या वस्त्यांपर्यंत जाऊ लागला. डॉक्टर त्यावरून सल्ला देई. परंतु औषधाचे नाव ऐकण्यात चूक झाली तर? म्हणून १९४२ पासून वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या व त्यांतील प्रत्येक औषधास क्रमांक देण्यात आला. डॉक्टरने क्रमांक सांगावा आणि पलीकडच्या माणसाने तीच बाटली उचलावी, अशी ही साधी व्यवस्था होती. सल्ल्याइतकीच पलीकडची पेटीही महत्त्वाची, हे त्या लोकांनी ओळखले होते. भारतात आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावी २००० साली खाजगी रुग्णालयाचे दूरवैद्यक केंद्र सुरू झाले आणि २००१ पासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्याचे प्रयोग हाती घेतले.

कायद्याची बाजू मात्र दीर्घकाळ संदिग्ध राहिली. २०१८ मध्ये कोकणातील एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरून उपचार सांगितले गेल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला व न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर साधा सल्ला देण्यासही अनेक डॉक्टर कचरू लागले. ही संदिग्धता २५ मार्च २०२० रोजी दूर झाली. टाळेबंदीच्या त्या पहिल्याच दिवशी केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

मर्यादा कोणत्या?

नोंदणीकृत डॉक्टरला देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णास चित्रसंवादाने, ध्वनीने अथवा लेखी संदेशाने सल्ला देता येतो. मात्र दोघांची ओळख परस्परांस पटली पाहिजे. निनावी सल्ला चालत नाही. रुग्ण अज्ञान असल्यास सोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते. रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरली जाते; परंतु आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा सांभाळ करणाऱ्याने संपर्क साधला असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. गावपातळीवर बहुतेक सल्ले दुसऱ्याच प्रकारचे असतात. त्यामुळे ही तरतूद पंचायत सदस्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे.

औषधांचे वर्गीकरण हा या तत्त्वांचा गाभा होय. तापावरील पॅरासिटामॉल किंवा जलसंजीवनी यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधे पहिल्या भेटीत द्यावयाची तर चित्रसंवाद आवश्यक असतो. काही औषधे, त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटले नसतील, तर पाठपुराव्याच्या वेळी लिहिता येतात. अमली व मनावर परिणाम करणाऱ्या औषधांना या मार्गाने प्रवेश नाही. तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून रुग्णास प्रत्यक्ष उपचारासाठी पाठविणे एवढेच डॉक्टरचे काम उरते.

उद्योग चालविणाऱ्यावरही जबाबदारी आहे. कंपनीची किंवा भागीदारीची नोंदणी, नवउद्योग म्हणून शासनमान्यता हे सोपस्कार कोणताही सनदी लेखापाल करून देईल. मात्र यादीतील प्रत्येक डॉक्टरची नोंदणी खरी आहे की नाही हे पडताळून पाहणे उद्योजकाचे कर्तव्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ती डॉक्टरला साह्य करू शकते, इतकेच. फीची पावती द्यावी लागते व तक्रारीची सोय ठेवावी लागते. आणखी एक कलम नवउद्योजकांच्या नजरेतून बहुधा निसटते : जाहिरात वा आमिष दाखवून दूरसल्ल्यासाठी रुग्ण ओढणे, किंवा प्रत्यक्ष येण्यास तयार असलेल्या रुग्णावर दूरसल्ल्याचा आग्रह धरणे, हे डॉक्टरच्या दृष्टीने गैरवर्तन ठरते. पहिल्या सल्ल्यावर सवलत देऊन ग्राहक जमविण्याची बाजारी रीत येथे डॉक्टरलाच अडचणीत आणू शकते. रुग्णांची माहिती जपण्याच्या संदर्भात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही विचारात घ्यावा लागतो.

पलीकडची बाजू

शासनाची ई-संजीवनी सेवा या क्षेत्रात आधीपासून आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांना जोडणारा तिचा भाग सुरू झाला आणि एप्रिल २०२० मध्ये रुग्णास घरबसल्या सल्ला देणारा भाग त्यास जोडला गेला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरातील सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली होती. ही सेवा विनामूल्य आहे. खाजगी उद्योगाने तिच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा तिच्या पहिल्या भागाची रचना अभ्यासावी, हे अधिक हिताचे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो, रक्तदाब मोजतो, नाडी पाहतो आणि मग दूरच्या डॉक्टरशी बोलतो. ऑस्ट्रेलियातील औषधपेटीचे काम येथे हा अधिकारी करतो.

विदर्भातील सिकलसेलच्या आजाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तपेशींची मोजणी ठराविक मुदतीने व्हावी लागते. ती जवळच्या केंद्रात करून अहवाल नागपूरच्या तज्ज्ञास पडद्यावर दाखविता आला तर एक पूर्ण फेरी वाचते. परंतु त्याच आजाराच्या लहान मुलात प्लीहा अचानक सुजू शकते. ती सूज पोटावर हात ठेवून चाचपावी लागते. कॅमेऱ्याला ती कळत नाही. मूल एकाएकी पांढुरके पडले, धाप लागली, ताप चढला, तर सल्ल्यासाठी रांगेत थांबण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून पोट चाचपण्याची रीत आईबापांना शिकवितात.

उद्योगाची आखणी करताना पहिल्याच दिवशी ठरवावयाची गोष्ट ती हीच. छातीत कळ, सर्पदंश, बाळंतपणातील रक्तस्राव, श्वास कोंडणे अशी लक्षणे सांगताच संभाषण थांबवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविण्यास सांगितले गेले पाहिजे आणि त्या सल्ल्यासाठी फी आकारली जाऊ नये. सल्ला पूर्ण झाला तरच मोबदला, अशी पद्धत ठेवली तर रुग्णास परत पाठविणारा डॉक्टर तोट्यात जातो आणि हळूहळू परत पाठविणेच कमी होते. हिशेबाच्या वहीतला हा एक रकाना पुढे रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. कोणत्या डॉक्टरने किती जणांस प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठविले याची मासिक नोंद ठेवून ती ज्येष्ठ डॉक्टरने पाहावी, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

ग्रामपंचायतीने उपकेंद्रातील वीज व इंटरनेट जोडणीकडे लक्ष दिले आणि तेथे आडोशाची एक खोली राखून ठेवली, तर स्त्रियांना आपले दुखणे मोकळेपणाने सांगता येईल. शिक्षकांनी पालकसभेत १०८ आणि मानसिक आरोग्यासाठी असलेला टेलिमानसचा १४४१६ हे दोन क्रमांक सांगावेत. डॉक्टरच्या औषधचिठ्ठीवर नाव व नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहण्यास वाचता येणारा शाळकरी मुलगाही पुरेसा आहे.