जाहिरातीत ‘सीएनसी’, अनुभव लेथचा; अर्ज करावा का?

चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यांत भरती निघाली की ‘सीएनसी ऑपरेटर कम सेटर, फानुक कंट्रोलची माहिती आवश्यक’ अशा ओळी दिसतात. साध्या लेथवर काही वर्षे काढलेला टर्नर तिथेच थांबतो. पण प्रत्येक वेळी माघार घेण्याची गरज नसते.

कोणते काम कोणाचे?
ऑपरेटर जॉब लावतो, सायकल सुरू करतो, माप तपासतो. सेटर टूल आणि वर्क ऑफसेट घेतो व पहिला जॉब पास करून देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम तयार करतो. ‘ऑपरेटर कम सेटर’ म्हणजे यातली पहिली दोन कामे.

जुने कौशल्य किती उपयोगी?
ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स, व्हर्नियर-मायक्रोमीटरने माप घेणे, धातूनुसार स्पीड-फीड ठरवणे हे सीएनसीवरही लागतेच. नवे असते ते कंट्रोल पॅनेल, ऑफसेट आणि कोड. उदाहरणार्थ, जी ०० म्हणजे टूल वेगाने हलवणे, जी ०१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कट घेणे, एम ०३ म्हणजे स्पिंडल सुरू करणे. आयटीआयच्या टर्नर व मशिनिस्ट या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये सीएनसीचा भाग असतो. जुनी वही एकदा उघडून पाहावी.

अर्ज कधी करावा?
- जागा ऑपरेटरची किंवा ट्रेनीची असेल, तर जरूर करावा.
- सेटिंग शिकवणार असतील, तरी करावा. हे आधी फोनवर विचारता येते.
- पहिल्या दिवसापासून एकट्याने सेटिंग करायचे असेल किंवा जागा प्रोग्रॅमरची असेल, तर आधी शिकून घ्यावे.

मुलाखतीत काय सांगावे?
जे येते तेच. ‘लेथवर इतकी वर्षे, सीएनसी हाताळलेले नाही, कोड शिकतो आहे,’ इतके पुरे. खोटा अनुभव प्रॅक्टिकल घेताना उघडा पडतो. तिथे निभावले तरी धोका टळत नाही. ऑफसेटमध्ये एक दशांश चुकला, तर टूल थेट चकवर आदळू शकते. मशीनचे नुकसान होते, माणसालाही इजा होऊ शकते.

तयारी कुठे?
केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ पोर्टलवर ट्रेडनिहाय अभ्यास साहित्य मोफत आहे. कोड मोबाइलवर वाचून कळतात; सेटिंग मात्र मशीनसमोर उभे राहूनच येते. सध्याच्या कारखान्यात सीएनसी असेल, तर पाळी संपल्यावर सेटरजवळ उभे राहण्याची परवानगी मागावी.

पगाराचे काय?
ट्रेनी म्हणून पगार सध्यापेक्षा कमी मिळू शकतो. किती महिन्यांनी ऑपरेटर म्हणून घेणार आणि तेव्हा पगार किती, हे लेखी मागावे. नेमणूकपत्र हातात येईपर्यंत आहे ती नोकरी सोडू नये.